आतून कडी

धाकटीचा पुढचा दात शाखेच्या पायरीवर पडला तेव्हा साहेब आत चहा पीत होते. खिडकी उघडी होती. त्यांनी कप खाली ठेवला, पायरीकडे एकदा पाहिलं आणि उठून खिडकी लावून घेतली.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. ती कोंबड्या पाळते. बायकांचे गट करून त्यांना लहान कर्ज देणारी एक संस्था आहे, तिची ती शाखा. शाखेच्या मागच्या भिंतीला लागून माझं इस्त्रीचं दुकान. दुकानाचं तोंड बाजाराकडे, शाखेचं तोंड मोठ्या रस्त्याकडे. त्या दिवशी धाकटीला पिंजऱ्यांसाठी कर्ज मिळालं होतं. एका गटातली म्हणून मीही सही करायला तिच्याबरोबर गेले होते. नोटा मुठीत धरून ती दाराबाहेर आली, तर पायरीवर तिचा नवरा उभा. तो ट्रक चालवतो. सगळं गाव त्याला ड्रायव्हरच म्हणतं, आणि आता तर धाकटीसुद्धा. त्यानं हात पुढे केला. ती नाही म्हणाली. मग त्यानं दुसरा हात पुढे केला, तो मुठीचा होता.

मी मधे पडले तर मला ढकललं. धाकटी खाली बसली, तोंडावर हात, बोटांमधून रक्त. त्यानं वाकून तिची मूठ एकेक बोट करून उघडली, जसं आपण शेंग सोलतो. आणि नोटा घेऊन चालायला लागला.

समोर मोटारसायकलला टेकून हेल्मेट उभा होता. हा शाखेचा वसुली अधिकारी. त्याचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं, कारण त्याचं तोंडच आम्हाला माहीत नव्हतं. तो डोक्यावरचं हेल्मेट कधी काढायचा नाही. कुणाच्या घरात शिरला तरी नाही. हप्ता चुकला की यायचा, दार वाजवायचा नाही, डोकं खाली घालून हेल्मेटनंच दार उघडायचा. काळ्या काचेमागून बोलायचा. आमच्या गटातल्या शिलाईवालीचं मशीन त्यानं असंच उचलून नेलं, आणि ती पायाला मिठी मारून बसली तर तिला अंगणभर फरफटत नेलं. आम्ही बायका पैजा लावायचो. कुणी म्हणायचं आत टक्कल असेल. शिलाईवाली म्हणायची, “आत डोकंच नसेल गं, नुसतं भांडं.”

त्या दिवशी मी त्याला म्हटलं, “अरे, बघतोस काय? तुमच्याच दारात चाललंय.”

“घरचा मामला आहे, मावशी,” काचेमागून आवाज आला. “पैसे घरातच गेले ना?”

पुढे ड्रायव्हर थांबला. त्यातली एक नोट त्यानं हेल्मेटच्या खिशात सरकवली. कुणाचं कर्ज कुठल्या दिवशी निघणार, हे नवऱ्यांना आधी कळायचं ते असं.

पैसे घेणाऱ्या सगळ्या बायका आणि देणारे सगळे पुरुष, अशी ती शाखा होती. साहेब पुरुष, कॅशियर पुरुष, शिपाई पुरुष. साहेबांच्या केबिनमध्ये आम्हाला जायची बंदी. मोरीसुद्धा पुरुषांचीच. बायका दोन दोन तास भिंतीला टेकून बसायच्या आणि अगदीच नाही राहवलं की वळसा घालून माझ्या दुकानात यायच्या. भिंतीवर मात्र एका हसऱ्या बाईचं मोठं चित्र होतं.

पुढे साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी एक बाई आली.

अंगानं थोराड, उंच, पायात पुरुषी बूट. तीही आधी वसुली अधिकारीच होती, कुठल्या तरी लांबच्या शाखेत, पायी फिरणारी. मुख्य कचेरीतल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं की बायकांच्या संस्थेत बायकाही साहेब असाव्यात. पण नुसतं डोक्यात आलं होतं, गळ्याखाली उतरलं नव्हतं. म्हणून तिची नेमणूक हंगामी. काही महिन्यांनी मोठे साहेब येऊन बघणार, शाखा नीट चालली तर ती कायम, नाही तर पुन्हा पुरुष. हे शिपायानंच आम्हाला सांगितलं, हसत हसत. आणि इकडची शाखा चालली तर बाकीच्या शाखांतही बायका नेमणार, हेही. ते सांगताना मात्र तो हसला नाही. आम्ही तिला साहेबबाई म्हणायला लागलो.

पहिल्या दिवशी ती पायरीवर थांबली. दगडात वाळलेला तपकिरी डाग होता.

“हे काय?”

“गंज असेल, मॅडम,” शिपाई म्हणाला.

मी तिथंच होते. म्हटलं, “दगडाला कुठला गंज? माझ्या बहिणीचं तोंड आहे ते.”

तिनं मला आत बोलावलं. केबिनमध्ये. मी खुर्चीवर बसले नाही, तर तीही बसेना. शेवटी दोघी बसलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमच्या दुकानाला मागचं दार आहे का?”

“आहे की. तुमच्याच बाहेरच्या खोलीत उघडतं. तुमच्या लोकांनी कपाट लावून बुजवलंय.”

“कपाट हलवू,” ती म्हणाली.

तेव्हापासून कर्जवाटपाच्या दिवशी नवा नियम झाला. शाखेतले सगळे पुरुष बाहेर. कॅशियरनं पेटी टेबलावर ठेवायची आणि तोही बाहेर. मग आतून कडी. आत साहेबबाई आणि ज्यांना कर्ज मिळणार त्या बायका. पैसे हातात पडले की बाईनं पुढच्या दारानं जायचंच नाही. मागच्या दारानं माझ्या दुकानात, तिथून बाजारात, आणि थेट ज्यासाठी कर्ज घेतलं ती वस्तू विकत.

पहिल्या वाटपाला हेल्मेट दारात अडून उभा राहिला. “मॅडम, कडी लावून आत काय करणार? पत्ते खेळणार?”

“तुम्हाला पत्ते येतात का?”

“येतात की.”

“मग बाहेर खेळा,” साहेबबाई म्हणाली आणि दार त्याच्या काचेवर लावलं.

सुरुवातीला मजाच झाली. नवरे पायरीवर विड्या ओढत बसायचे. शिलाईवालीचा नवरा दाराला कान लावून ओरडायचा, “अगं, झालं का?” आणि मागून रस्त्यावरून हिचा आवाज, “झालं कधीच! इकडे या, मशीन उतरवायला हात लावा.” हातगाडीवर नवं मशीन, आणि हमालाला द्यायचे पैसेसुद्धा हिच्याकडे मोजून ठेवलेले. सगळा रस्ता हसला. तो माणूस घरी जाईपर्यंत बोलला नाही. घरी गेल्यावर मात्र हातानं बोलला.

हे खोटं कशाला सांगू? मार थांबला नाही. आधी पैशासाठी मारायचे, आता पैसे मिळाले नाहीत म्हणून मारायला लागले. शिलाईवालीचा कान फुटला. गटातल्या चहावालीच्या पाठीवर चुलीतलं लाकूड पडलं. पण नोट पिऊन टाकता येते, मशीन पिता येत नाही. वस्तू घरात राहिली. आणि साहेबबाईनं दुसरं एक सुरू केलं. जिला मार बसला तिच्या घरी दुसऱ्या सकाळी गटाची बैठक. सगळ्या बायका तिच्या अंगणात, चटई तिच्या दारात, आणि साहेबबाई त्या नवऱ्याच्या समोर. ती त्याला काही बोलायची नाही. हप्ते गोळा करायची, हजेरी घ्यायची, आणि मार खाल्लेल्या बाईला विचारायची, “आज बैठक कोण चालवणार? तुम्ही चालवा.” सुजलेल्या तोंडानं ती बाई बैठक चालवायची. नवऱ्याला उंबरा ओलांडून बाहेर जायलाही वाट नसायची.

हप्ते वेळेवर यायला लागले. हेल्मेटला दारं फोडायला कुणी उरेना, आणि नवऱ्यांकडून खिशात काही पडेना. तो गुत्त्यावर बसायला लागला. तिथं काय बोलायचा ते आमच्या कानावर यायचं. “तुमच्या बायका तुमच्या राहिल्या नाहीत. त्या साहेबबाईच्या झाल्यात.” ड्रायव्हर सगळ्यात जास्त ऐकायचा. धाकटी पुन्हा कर्ज मागणार होती, मोठ्या खुराड्यासाठी, आणि या वेळी तो नोटांवर नाही, कडीवर चिडला होता.

मोठे साहेब यायचा दिवस ठरला. त्याच दिवशी सकाळी धाकटीचं वाटप होतं. साहेबबाईनं मुद्दामच तसं ठेवलं होतं, पद्धत कशी चालते ते त्यांना सांगता येईल म्हणून. हेल्मेटनं त्या दिवशी सुट्टी टाकली.

मी दुकानात होते. कोळसे नुकते फुलले होते. मागचं दार उघडं होतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. टेबलापाशी साहेबबाई, समोर धाकटी, बाकावर शिलाईवाली आणि चहावाली. धाकटीनं सही केली. तेवढ्यात पुढच्या दारावर पहिला दणका बसला.

आधी वाटलं, नेहमीप्रमाणे कुणी तरी हात आपटतोय. मग दुसरा बसला आणि भिंतीवरच्या हसऱ्या बाईचं चित्र खाली आलं. काच फुटली. बाहेर बरेच जण होते. शिव्या ओळखीच्या होत्या, घरोघरच्या.

“कडी काढ, नाही तर दारासकट आत येतो!” हा ड्रायव्हर.

साहेबबाई उठली. तिनं टेबल ओढत नेऊन दाराच्या एका बाजूला लावलं आणि उरलेल्या दाराला स्वतः पाठ लावून उभी राहिली. शिलाईवाली तिच्या शेजारी जाऊन टेकली. जाडजूड बाई ती. म्हणाली, “आज पहिल्यांदा माझ्या वजनाचा उपयोग होतोय.” चहावाली दुसऱ्या बाजूला. प्रत्येक दणक्याला तिघी हलायच्या आणि पुन्हा टेकायच्या.

ड्रायव्हरनं ट्रकमधली पहार आणली होती. फळीत तिचं टोक घुसलं तेव्हा लाकूड ओरडल्यासारखा आवाज झाला. ते बाहेर ओढून त्यानं पुन्हा मारलं. या वेळी टोक फळीतून आरपार आलं आणि साहेबबाईच्या खांद्यामागच्या हाडावर बसलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मी दुकानात ऐकला. ती तिरकी पडली, टेबलाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं आणि तोंड रक्तानं भरलं. डोळे पुसायला हात वर जाईना. तशा पडल्या पडल्या ती म्हणाली, “धाकटी, मागून. मागून जा.”

धाकटी नोटा मुठीत घेऊन माझ्याकडे पळाली. आणि त्याच वेळी बाजाराच्या बाजूनं एक माणूस माझ्या दुकानात शिरला.

तो कुणाच्या ओळखीचा नव्हता. उघड्या डोक्याचा, मध्यम वयाचा, चपट्या केसांचा. मान आणि हात उन्हानं काळे, पण तोंड सोललेल्या बटाट्यासारखं पांढरट. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. टेबलाला लाथ मारून वाट केली. धुतलेले कपडे खाली, कोळशाची पाटी त्यांच्यावर. धाकटी दारात आली तशी त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड चौकटीवर आपटलं. एकदा आणि पुन्हा एकदा. ती पडली, पण मूठ सोडेना. त्यानं तिच्या मुठीवर बूट ठेवला आणि पूर्ण भार दिला. बोटं मोडली. मूठ उघडली नाही.

माझ्या हातात इस्त्री होती. लोखंडी, निखाऱ्यांची, तापलेली. मी ती त्याच्या उजव्या खांद्यामागे टेकवली आणि सदऱ्यावर दाबतात तशी दाबून धरली. कापड जळलं, मग कातडं. तो असा ओरडला की बाहेरचे दणके क्षणभर थांबले. वळून त्यानं मला ठोसा मारला. मी भिंतीवर आदळले आणि कानात नुसती शिट्टी वाजायला लागली. पण तो थांबला नाही. पाठीवर धूर घेऊन बाजाराकडे पळाला.

पुढचं दार पडलं. ड्रायव्हर पहिला आत आला, हातात पहार, मागे पाच-सहा जण. त्यांना समोर बायकांची पाठ दिसेल असं वाटलं असावं. दिसली ती साहेबबाई, रक्तात पडलेली, आणि तिला मांडीवर घेऊन बसलेली शिलाईवाली. ड्रायव्हरनं पहारीच्या टोकाकडे पाहिलं. आपल्या बायकोचं रक्त त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं. हे दुसऱ्याचं होतं, सरकारदरबारी मोजलं जाणारं. पहार टाकून तो पळाला. बाकीचे त्याच्याआधी.

कॅशियर आणि शिपाई समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभे होते. सगळं संपल्यावर ते रस्ता ओलांडून आले.

दवाखान्यातली नर्स धावत आली. तिनं साहेबबाईचा हात छातीशी बांधला, कपाळाला टाके घालायला दवाखान्यात चला म्हणाली. साहेबबाई म्हणाली, “मोठे साहेब येईपर्यंत नाही. मी इथं नसले तर उद्या कुणीच नसेल.” आम्ही तिला भिंतीला टेकवून बसवलं. धाकटीच्या मुठीतून नोटा काढायला नर्सला फार त्रास झाला. बोटं उघडण्याच्या अवस्थेत नव्हती.

दुपारी मोठ्या साहेबांची गाडी आली. गाडीमागे मोटारसायकलवर हेल्मेट. अंगात चामड्याचं जाकीट, त्या उकाड्यात. खबर मिळाली म्हणून सुट्टी मोडून धावत आलो, म्हणाला. आणि लागलाच कामाला. गर्दी हटवतोय, काचा बाजूला करतोय, मोठ्या साहेबांसाठी खुर्ची पुसतोय. इतकी धावपळ, की डोक्यावरचं काढायला त्याला वेळच नव्हता. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. आम्ही त्याला तसाच पाहत आलो होतो.

मोठे साहेब म्हातारे, सज्जन दिसणारे. पडलेल्या दाराभोवती फिरले. रुमाल नाकाला लावला. “अरेरे,” म्हणाले. “या शाखेचं दार आजवर कधी तुटलं नव्हतं.”

धाकटी भिंतीपाशी बसली होती, नाक सुजलेलं, हात फडक्यात. ती उठून त्यांच्यासमोर गेली आणि तिनं वरचा ओठ बोटानं उचलून धरला, तिथली मोकळी जागा दाखवली.

“दार नव्हतं तुटलं साहेब. हे तुटलं होतं. याच पायरीवर. तेव्हा का नाही आलात?”

हेल्मेट मधे आला. “जाऊ द्या साहेब, घाबरल्यात बिचाऱ्या. मी आधीपासून सांगत होतो. बाईमाणसाचं हे काम नाही. बाहेरचे गुंड येतात, कुणी ओळखतं का त्यांना? विचारा यांना, मागून कोण आला होता? कुणाला ठाऊक?”

“नाही ठाऊक,” चहावाली म्हणाली. खरंच नव्हतं ठाऊक.

“बघा,” हेल्मेट म्हणाला. “मी असतो तर हे झालंच नसतं.”

मोठे साहेब मान हलवत म्हणाले, “तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून संस्था चालते बाबा.” आणि त्यांनी त्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारली.

हेल्मेट किंचाळला. गुडघ्यात वाकला, टेबलाचा कोपरा धरला. काचेमागून जो आवाज आला तो मी सकाळी ऐकला होता. तसाच्या तसा.

मोठे साहेब स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले, आपण एवढं कधी मारलं म्हणून.

“भाऊ,” मी म्हटलं, “टोपडं काढ.”

“डोकं फिरलं का म्हातारे?”

“फिरलंच आहे. तुझं बघू दे.”

तो दाराकडे सरकला. दार नव्हतं, पण तिथं शिलाईवाली होती. तिनं दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं आणि वर ओढलं. पट्टा त्याच्या हनुवटीत रुतला. तो गुदमरला, लाथा झाडल्या. चहावालीनं एक पाय धरला. शिलाईवालीनं आणखी जोर केला, पट्टा तुटला आणि डोकं बाहेर आलं.

पांढरट तोंड. काळी मान. चपटे केस.

“हाच!” धाकटी ओरडली.

त्याचा हिशेब साधा होता. इतकी वर्षं आमच्या घराघरांत फिरला, पण त्याचं तोंड आमच्यातल्या एकीनंही पाहिलं नव्हतं. कामावर येताना तो तोंड झाकायचा, म्हणून गुन्ह्याला येताना त्यानं ते उघडं ठेवलं. कॅशियर आणि शिपाई बाहेर होते. आत त्याला ओळखणारी एकटी साहेबबाई होती, आणि तिच्या डोळ्यांत तेव्हा रक्त होतं.

मग जे झालं ते छान नव्हतं. शिलाईवालीनं त्याला जाकिटासकट खाली पाडलं. चहावालीनं त्याच्या तोंडावर टाच दिली. आणखी बायका रस्त्यावरून आत आल्या. ज्यांची दारं त्यानं डोक्यानं फोडली होती त्या सगळ्या. जाकीट फाटलं आणि खालचा सदरा वर गेला. खांद्यामागे इस्त्रीच्या टोकाचा लाल त्रिकोण होता, फोड आलेला. त्याच जागेवर कुणी तरी लाथ मारली. तो आधी शिव्या देत होता, मग आईला हाका मारायला लागला. नाकाचं हाड गेलं. मोठे साहेब “अहो, अहो” म्हणत भिंतीला चिकटले. मी दुकानात जाऊन इस्त्री घेऊन आले होते. ती गार होती, पण जड होती, आणि मी ती डोक्याच्या वर उचलली होती.

“पुरे,” साहेबबाई म्हणाली.

भिंतीपासून, बसल्या जागेवरून. आवाज मोठा नव्हता. मला इस्त्री खाली आणायला वेळ लागला, हात ऐकेना. बाकीच्या थांबल्या. शिलाईवालीनं तेवढ्यात एक लाथ आणखी घातली आणि म्हणाली, “ही माझ्या मशीनची.”

पोलीस आले, त्याला नेलं. ड्रायव्हरला ट्रकमधूनच उचललं. मोठ्या साहेबांनी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

“झालं ते फार वाईट झालं. दोषींना शिक्षा होईल. पण बाई, तुमच्या सुरक्षेचा विचार करता... सध्या तुम्ही मुख्य कचेरीत या. तोपर्यंत शाखा कॅशियर सांभाळतील.”

एवढं सगळं होऊनही त्यांच्या मुखातून हेच निघालं. कॅशियर लगेच पुढे आला.

साहेबबाई हसली. हसल्यावर कपाळातून पुन्हा रक्त आलं. “साहेब, दार तुटत होतं तेव्हा कॅशियर समोरच्या दुकानामागे होते. मी दाराला टेकून होते. शाखा कोण सांभाळत होतं?”

“तुमच्या शौर्याबद्दल शंकाच नाही, पण...”

“शौर्य नको. हुकूम लिहा. हंगामी शब्द काढून.”

ते रुमालानं मान पुसायला लागले. तेव्हा धाकटी, मोडका हात मांडीवर घेऊन, दाराच्या जागी जाऊन बसली. अगदी मधोमध. तिच्या शेजारी शिलाईवाली. मग चहावाली. मग मी. मग ज्या रस्त्यावर होत्या त्या. पायरीवर, पायरीखाली, गाडीच्या पुढे आणि मागे. कुणी कुणाला सांगितलं नाही. बैठकीला बसायची आम्हाला सवय होती.

“हप्ता कुणाच्या हातात द्यायचा ते आमचं आम्ही ठरवतो,” धाकटी म्हणाली. पडलेल्या दातामुळे तिच्या शब्दांत शिट्टी वाजते. “कॅशियरच्या हातात नाही देणार. दुसऱ्या कुणी पुरुषाला पाठवलात तर त्याच्याही नाही. हिच्या हातात देऊ. ही दवाखान्यात असेल तर दवाखान्यात जाऊन देऊ.”

“ही धमकी आहे का?” मोठे साहेब म्हणाले.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “बैठक आहे.”

त्यांनी फोन लावला. बराच वेळ कुणाशी तरी हळू आवाजात बोलले. मग लिहायला टेबल मागितलं. शाखेचं टेबल मारामारीत मोडलं होतं, म्हणून आम्ही माझं इस्त्रीचं आणलं. जळकं फडकं तसंच होतं वर. त्याच्यावर कागद ठेवून त्यांनी हुकूम लिहिला. साहेबबाईला वाचून दाखवला, तिनं ऐकला, आणि मगच ती नर्सबरोबर उठली. दाराबाहेर दोन पावलं गेली आणि बेशुद्ध पडली. शिलाईवालीनं उचलून नेली.

हेल्मेट शाखेतच पडलं होतं. धाकटी ते घरी घेऊन गेली. आता त्यात एक कोंबडी अंड्यावर बसते.

नंतरच्या वाटपाला नवं दार लागलं होतं, लोखंडी पत्र्याचं. साहेबबाई हात गळ्यात बांधून आली. कपाळावर जाड व्रण. तिच्या मागे हेल्मेटच्या जागेवर आलेली नवी वसुली अधिकारी, पंचविशीतली पोरगी, सायकलवर. ती प्रत्येकीच्या घरी दार वाजवून आत जायची, तेव्हा सुरुवातीला बायका दचकायच्या.

समोरच्या फुटपाथवर ड्रायव्हर उभा होता. जामिनावर सुटून आला होता. पायरीपर्यंत आला नाही. धाकटी आता माझ्याकडे राहते. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि आत आली. आज कर्ज चहावालीचं होतं, ती नुसती साक्षीला होती.

कॅशियरनं पेटी ठेवली आणि निमूट बाहेर गेला. साहेबबाईनं डाव्या हातानं कडी ओढून पाहिली. नवी कडी घट्ट होती, सरकेना. धाकटी उठली. तिचीही बोटं अजून सरळ होत नाहीत. तिनं मनगटानं कडी ढकलली, वरून कोपर मारलं, आणि ती बसली.

बायका बाकावर बसल्या, तेवढ्यात बाहेरून दारावर धोंडा आदळला. पत्रा घंटेसारखा वाजला. चहावालीचा चेहरा उतरला. मी दुकानाच्या दारात उभी होते, इस्त्री तापलेली होती. मी ती हातात घेतली.

दुसरा धोंडा आला. मग तिसरा.

“पत्र्याचं आहे,” साहेबबाई म्हणाली. “आवाज फार करतं.” आणि चहावालीकडे वळली. “या. सही करा.”